पनीरचं पाणी आणि जिवाणूंचा चिकटा : धुळे जिल्ह्यातल्या एका डेअरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पांझरा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर ही डेअरी आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. डेअरीचे मालक वयाने साठीच्या पुढचे. गावात आणि कामगारांत सगळे त्यांना आबाच म्हणतात, म्हणून इथेही आबाच म्हणतो. सायकलला कॅन बांधून दूध गोळा करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आता रोज २०,००० लिटर दूध येतं. पिशवीतलं दूध, दही, ताक हा मूळ धंदा, आणि अलीकडे पनीर. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी अजून टिकून आहे, पण तिच्या शेजारी पनीरची भाजी नसली तर मुलीकडच्यांना चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळे फेब्रुवारी ते मे पनीरच्या ऑर्डरी दुप्पट-तिप्पट होतात.

सांडपाणी रोज सुमारे ५०,००० लिटर. त्यासाठी बांधलेला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, कागदावर व्यवस्थित होता: आधी तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप, मग सगळं पाणी एकत्र मिसळणारी इक्वलायझेशन टँक, तुरटी आणि पॉली (कण बांधणारं रसायन) टाकायची जागा, गाळ खाली बसवणारा पहिला क्लॅरिफायर, जिवाणूंना हवा देणारी एरेशन टँक, दुसरा क्लॅरिफायर, आणि शेवटी गाळ वाळवायचे वाफे. ते सांभाळायला गावातलाच, आयटीआय झालेला एक ऑपरेटर. निघालेलं पाणी काही आबांच्या गजराज गवताला जायचं, उरलेलं नाल्यात. नाल्याच्या खाली जुना बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, आणि पाटावर अजून थोडीफार फड पद्धतीची, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची, बागायत. पांझरा खोऱ्यातली ही फड पद्धत काही शतकांची आहे. पाणी कोणाच्या वाफ्याला कधी द्यायचं ते पाटकरी ठरवतो, त्यामुळे पाण्यात काय बदललं हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि अधूनमधून अशा कामांना जातो. या प्रकरणात मी सल्लागार होतो. त्यात एक चूक माझी स्वतःची आहे. ती पुढे येईलच.

अडचण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाटकरी डेअरीच्या गेटवर आला. भांडला नाही. बाटलीत पाणी भरून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आबा, हाई पानी ढोर बी पेत नही." पाणी पांढुरकं होतं आणि झाकण उघडल्यावर आंबलेल्या ताकाचा वास खोलीभर पसरला. पुढच्याच पंधरवड्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नमुना गेला, आणि १९७४ च्या पाणी अधिनियमाखालची नोटीस आली. डेअरीच्या सांडपाण्याला बीओडीची (घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचं माप) मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम, तरंगत्या घन पदार्थांची १५०, आणि तेल-ग्रीसची १०. आपल्या नमुन्यात बीओडी मर्यादेच्या तिपटीला टेकला होता आणि बाकीचे दोनही बाहेर होते.

ऑपरेटरने त्याच्या परीने उपाय केला होता: तुरटी वाढवली. पाणी पांढरं दिसलं की अर्धी बादली जास्त. तुरटीला काम करायला पीएच साधारण ६ ते ७.५ च्या दरम्यान लागतो, आणि ती स्वतः पाण्यातली क्षारता खाऊन पीएच खाली ओढते. इकडे डेअरीत पाइप आणि टाक्या धुताना आधी कॉस्टिक सोडा आणि मग नायट्रिक आम्ल फिरतं. कॉस्टिकची धार आली की ईटीपीत पीएच ११, आम्लाची आली की ३. अशा पाण्यात अर्धी बादली काय आणि पूर्ण बादली काय. वाफे मात्र जेलीसारख्या गाळाने भरून गेले होते, आणि तो वाळायचं नाव घेत नव्हता.

मी पहिल्या दिवशी एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन खिडकीत ठेवलं. निरोगी टँकेत अर्ध्या तासात गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. इथे अर्ध्या तासाने गाळ ८०० मिलिलिटरच्या खुणेवर होता, म्हणजे बसलाच नव्हता. भिजलेल्या सब्जासारखा फुगलेला, बोटाला बुळबुळीत लागणारा. तो सिलिंडर मी बघितला, वहीत आकडा लिहिला, आणि पुढे गेलो. अख्ख्या प्रकरणाचं उत्तर त्यात होतं.

पहिली चूक

ग्रीस ट्रॅपवर तुपाचा चार बोटं जाड थर होता आणि त्याच सुमारास एक विक्रेता आला. त्याच्याकडे पिवळसर द्रव होता. "केमिकल नाही साहेब, जिवाणूंनी बनवलेलं आहे, चरबी खाऊन टाकतं." डब्यावरच्या माहितीत बायोसर्फॅक्टंट हा शब्द होता. मी तो वाचला, आणि नैसर्गिक आहे, विघटन होणारं आहे, करून बघू, असं म्हणून आबांना होकार दिला.

आठ दिवसांत ट्रॅप आरशासारखा झाला. ऑपरेटर खूश, आबा खूश, मी फोटो काढला. दहाव्या दिवशी एरेशन टँकेवर फेस आला, इतका की वाऱ्याने उडून गजराज गवतावर पडला. बाहेरच्या पाण्यात तेल-ग्रीसचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

बायोसर्फॅक्टंट म्हणजे जिवाणूंनी केलेला साबण. बॅसिलस सबटिलिस बनवतो तो सर्फॅक्टिन, १९६८ साली जपानमध्ये ओळखला गेला. स्युडोमोनास बनवतो ते रॅम्नोलिपिड. दोघांचं काम एकच, तेलाचे बारीक बारीक थेंब करून पाण्यात मिसळवून टाकणं. तेलाने माखलेली जमीन धुवायला हे गुणकारी आहे. पण ग्रीस ट्रॅपचं काम तेल वर तरंगू देणं हे आहे, आणि आम्ही ते तरंगणारं तेल पाण्यात विरघळल्यासारखं करून पुढे पाठवत होतो. कोणी चरबी खाल्ली नव्हती, ती फक्त दिसेनाशी झाली होती. ट्रॅपच्या आधी आणि नंतर तेल-ग्रीसची एक-एक चाचणी केली असती तर तिसऱ्याच दिवशी कळलं असतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती; डब्यावर "जिवाणू" दिसल्यावर माझा हात थोडा सैल सुटला, एवढंच म्हणतो.

यातून एक गोष्ट मात्र नीट समजली आणि ती आम्ही भिंतीवर लिहूनही ठेवली. जिवाणूंच्या नावाने बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, जिवंत जिवाणू, ज्याला सगळे कल्चर म्हणतात. दोन, तेल फोडणारं द्रव्य. तीन, कण एकत्र आणणारं द्रव्य. दुसरं आणि तिसरं तर एकमेकांच्या नेमकं उलट काम करतात.

समोरचे पर्याय

द्रव बंद केला, ट्रॅपवर पुन्हा थर येऊ लागला, तो हाताने काढायला सुरुवात झाली. एप्रिल उजाडला होता. आबांच्या ऑफिसात बसून जे पर्याय मांडले त्यांत पहिला अर्थातच तुरटी आणि पॉली वाढवण्याचा. तो लगेच बाद झाला, कारण गाळ ठेवायलाच जागा नव्हती. शिवाय आबांना तो गाळ वाळवून शेतात टाकायचा होता. डेअरीच्या गाळात नत्र-स्फुरद चांगलं असतं, पण तुरटीतलं ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतं, पिकाला मिळू देत नाही. पॉली म्हणजे पॉलीॲक्रिलामाइड. तो स्वतः फारसा त्रासदायक नाही, पण त्यात उरलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपलं पाणी प्यायचं नव्हतं हे खरं. पण खाली फड होता.

दुसरा पर्याय एरेशन टँक मोठी करण्याचा, नवे ब्लोअर बसवण्याचा. कर्ज काढावं लागलं असतं, आणि काम पावसाळ्याआधी झालं नसतं. तिसरा, पनीर बंद करण्याचा. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पूर्ण केलं नाही.

चौथा पर्याय माझा: जिवाणूंचा चिकटा. हा शब्द आम्हीच वापरायला लागलो. ज्वारीवर पडतो तो चिकटा नव्हे, असं आबांना पहिल्या दिवशी सांगावं लागलं. शास्त्रीय नाव बायोफ्लॉक्युलंट, पण ईटीपीवर उभं राहून ते कोण म्हणणार.

त्यातली कल्पना खानदेशातल्या माणसाला नवी नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं घरोघरी होतंच. गुऱ्हाळात रस उकळताना रानभेंडीचा बुळबुळीत रस टाकतात आणि मळी एकत्र येऊन वर तरंगते, तेही हेच. पाण्यातले बारीक कण एकमेकांना ढकलतात कारण सगळ्यांवर ऋण भार असतो. तुरटी तो भार मोडते. मग एखादा लांबलचक रेणू लागतो, जो एका टोकाने एक कण धरेल आणि दुसऱ्या टोकाने दुसरा. जिवाणू असे रेणू स्वतःभोवती सोडतात, कधी साखरेच्या साखळ्या, कधी प्रथिनं. जपानमध्ये सोयाबीन आंबवून नाट्टो करतात, त्याला पाकासारखी तार सुटते. त्या तारेत बॅसिलसने बनवलेलं गॅमा पॉलीग्लुटामिक अॅसिड असतं, आणि पाणी निवळायला तेच द्रव्य वापरतातही. आबांच्या गोदामात आइस्क्रीमसाठी आणलेली झांथन गमची पिशवी होती, ती मी उचलून दाखवली. "हेही जिवाणूनेच केलंय." आबा म्हणाले, "मग हे आपण खातो का?" खातो.

टेबलावरचे सहा ग्लास

निर्णय जार टेस्टवर सोडायचं ठरलं. सहा बीकर, सहा पंखे, एक-दोन मिनिटं जोरात ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. आमच्या कॉलेजात गाळातूनच वेगळा केलेला एक बॅसिलस होता, त्याचा चिकटा आणला. शिवाय बाजारातून पॉलीग्लुटामिक अॅसिडची भुकटी.

पहिला नमुना दुपारी दोनचा, इक्वलायझेशन टँकमधला. पीएच सातवर आणला. तुरटीचा डोस नेहमीच्या निम्मा आणि सोबत चिकटा. दहा मिनिटांत साबुदाण्याएवढे फ्लॉक, म्हणजे कणांचे पुंजके, आले आणि सरसर खाली बसले. वरचं पाणी नळाच्या पाण्यासारखं. ऑपरेटरने तो बीकर उजेडात धरला आणि आबांना बोलावून आणलं. डेअरीभर बातमी गेली की काम झालं.

संध्याकाळी त्याच निवळ पाण्याचा सीओडी (रसायनाने मोजायचं घाणीचं माप) केला. निम्म्याहून जास्त तसाच होता.

इथे आम्ही सगळेच थांबलो. चिकटा चांगला होता, काम चोख करत होता. पण तो फक्त तरंगतं ते धरतो. दुधातलं केसीन आणि स्निग्धांश तरंगतात. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पाण्यात विरघळलेली असते. तिला तुरटी धरत नाही, पॉली धरत नाही, जगातला कुठलाच चिकटा धरत नाही. तिला कोणीतरी खावंच लागतं. आणि एवढं लॅक्टोज येत कुठून होतं?

पनीरच्या खोलीतून. लग्नसराईत रोज ३,००० लिटर दुधाचं पनीर व्हायचं, त्यातून जवळपास २,४०० लिटर पनीरचं पाणी थेट गटारात. या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३५-४० ग्रॅम धरला तरी रोजचे ८४ किलोच्या वर होतात. बाकीच्या सगळ्या डेअरीचं ५०,००० लिटर सांडपाणी, लिटरमागे १.२ ग्रॅमने, फक्त ६० किलो. म्हणजे एका खोलीतून बादलीने ओतलेलं पाणी बाकी अख्ख्या डेअरीला भारी पडत होतं, आणि एरेशन टँक बांधली होती ती या साठ किलोच्या हिशोबाने. हे गणित कागदाच्या मागच्या बाजूला पाच मिनिटांत होतं. मार्चमध्ये कोणीच केलं नव्हतं, मीही नाही.

मग सिलिंडर आठवला. एरेशन टँकेतले जिवाणू साखर खातात आणि एकमेकांना चिकटून फ्लॉक करतात, म्हणून ते खाली बसतात आणि पाणी निवळतं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, १९३५ मध्ये बटरफील्ड यांनी अशा गाळातून फ्लॉक बांधणारा जिवाणू वेगळा काढला. हा फ्लॉक बांधून ठेवतो तो त्यांचाच चिकटा. म्हणजे चिकट्याचा कारखाना आबांच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षं चालूच होता. पण साखर एकदम आणि भरमसाट आली, तिच्या मानाने नत्र आणि हवा कमी पडली, की ते जिवाणू खाल्लेल्या साखरेचं शरीर बनवायच्या ऐवजी बुळबुळीत पदार्थच बनवत सुटतात. तो पाणी धरून फुगतो आणि गाळ बसेनासा होतो. बाहेरून चिकटा आणायची तयारी चालली होती, आणि आत चिकटाच अति झाला होता.

आपणच बनवायचा का?

आबांना मात्र आता वेगळीच कल्पना सुचली होती. पनीरचं पाणी फेकायचंच आहे तर त्यावरच जिवाणू वाढवू, चिकटा घरीच करू. कोपऱ्यात ३०० लिटरची जुनी व्हॅट पडून होती, ढवळणी आणि वाफेच्या जॅकेटसकट. ऐकायला सुंदर. मलाही मोह झाला.

अडवलं ते क्वालिटीच्या मॅडमनी. त्या डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकच विचारलं, "सर, तुमचा जिवाणू बीजाणू करतो ना?" करतो. ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवलं की बहुतेक जिवाणू मरतात, बॅसिलसचे बीजाणू मरत नाहीत. दूध पिशवीत जाणाऱ्या इमारतीच्या आवारात शेकडो लिटर बॅसिलस वाढवायचा, आणि तेच बूट घालून माणसं इकडून तिकडे फिरणार. उद्या पिशव्या लवकर नासू लागल्या तर कारण कुठे शोधायचं? स्युडोमोनासचा तर प्रश्नच नव्हता, तो आजारी माणसाला संसर्ग करणारा.

तेव्हा व्हॅट आबांच्या मळ्यात, दोन किलोमीटर लांब नेली. तीन आठवडे प्रयत्न केला. आमच्या जिवाणूला लॅक्टोज पचेना, म्हणून काळा गूळ आणला. एप्रिलअखेर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माणूस उभा राहत नव्हता. तिसऱ्या घाण्याला आंबट वास आला आणि सूक्ष्मदर्शकाखाली आमचा जिवाणू शोधावा लागला. कॉलेजात चिकटा स्पिरिट ओतून वेगळा काढतात, इथे तेवढ्या स्पिरिटला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागली असती. तशीच कच्ची घुसळ (व्हॅटमधला जिवाणूंसकटचा द्रव) ईटीपीत ओतायची म्हटली तर तिच्यातली उरलेली साखर आपणच सांडपाण्यात टाकणार.

शेवटी हिशोबानेच निकाल लावला. लिटरला तीन ग्रॅम चिकटा मिळत होता. तुरटी पूर्ण बंद करून फक्त चिकट्यावर जायचं तर ५०,००० लिटरला १५ मिलिग्रॅमने रोज ७५० ग्रॅम, म्हणजे रोज २५० लिटर घुसळ. दोन माणसं त्यातच गुंतली असती. व्हॅट धुऊन परत आली. त्या तीन आठवड्यांबद्दल मला पश्चात्ताप नाही, पण आबांचे पैसे गेले हे नोंदवायला हवं.

काय केलं

पहिलं काम, पनीरचं पाणी गटारात जाणं बंद. पनीरच्या खोलीतून वेगळा पाइप टाकून ते २,००० लिटरच्या दोन टाक्यांत घेतलं. जवळच्या गोठेवाल्यांनी रोज सकाळी आणि संध्याकाळी न्यायचं. ताजं असताना आणि हळूहळू सवय लावली की जनावरं ते पितात. पैसे घ्यायचे नाहीत, पण दांडीही मारायची नाही, असा तोंडी करार झाला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात ऑर्डरी सगळ्यात जास्त होत्या, म्हणून हे त्याआधी उरकलं.

दुसरं, कॉस्टिक आणि आम्लाची धुवण वेगवेगळ्या वेळी थेट न सोडता इक्वलायझेशन टँकेत एकत्र मुरू द्यायची, खालून हवा सोडून ढवळायची. दोघं एकमेकांना बरंचसं मारतात. पीएच मीटर दुरुस्त करून घेतला. युरिया टाकायचा सल्लाही एकाने दिला होता. पनीरचं पाणी निघून गेल्यावर नत्राची ओढ उरली नाही, तो टाकला नाही.

तिसरं, बादली गेली आणि तुरटीला डोसिंग पंप आला. आणि या सगळ्यानंतर, चौथ्या क्रमांकावर, चिकटा. पूर्ण बदली म्हणून नाही, पॉलीच्या जागी मदतनीस म्हणून. तुरटीने भार मोडायचा आणि विकतच्या पॉलीग्लुटामिक भुकटीने कण बांधायचे. लिटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम, १०० लिटर पाण्यात विरघळवून. भुकटी एकदम टाकली की गोळ्या होतात, म्हणून ऑपरेटर ती पिठलं करताना बेसन भुरभुरतात तशी भुरभुरतो. डोसिंगची टाकी सावलीत हलवली आणि द्रावण रोजचं रोज करायचं ठरलं. शिळं झालं की खाणारे जिवाणू त्यालाही खातात.

निष्पत्ती

सिलिंडरमधला गाळ तीन आठवड्यांत ८०० वरून ३०० च्या आसपास आला. सगळ्यात मोठा बदल हा होता, आणि तो कुठल्याही डब्यातून आला नव्हता. जूनपासूनच्या नमुन्यांत बीओडी १०० च्या आत राहिला, एक अपवाद सोडून. तुरटी निम्म्याच्या जवळ आली, पॉली बंद झाला. वाफा भरायला आधी पाच दिवस लागायचे, आता आठ.

पण यातलं चिकट्याचं श्रेय किती? चार गोष्टी एका महिन्यात बदलल्या होत्या, म्हणून छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये दहा दिवस चिकटा मुद्दाम बंद ठेवला. बाकी सगळं तसंच. बीओडी जवळपास हलला नाही. तरंगते घन पदार्थ वाढले, मर्यादेला टेकले. गाळ पुन्हा ओलसर, वाफ्यावर दोन दिवस जास्त राहणारा. म्हणजे चिकट्याची खरी किंमत इथे आहे: गाळ घट्ट करणं, पाणी निवळणं, आणि पॉली टाळणं. पाटकऱ्याच्या बाटलीतला वास त्याने घालवला नाही; तो पनीरच्या खोलीतल्या पाइपने घालवला. आबांना हे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. पाहुण्यांना ईटीपी दाखवताना ते चिकट्याचीच गोष्ट सांगायचे. अजूनही सांगतात.

भुकटी तुरटीपेक्षा बरीच महाग आहे. तरी आबांनी ती ठेवली, कारण गाळ आता शेतात जातो.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात टँकपासून नाही, गटारापासून करेन. पहिल्या दिवशी डेअरीतल्या प्रत्येक खोलीतून काय किती वाहतं याची यादी, आणि लिटरमागे किती बीओडी याचा अंदाज. दुधाचा स्वतःचा बीओडी लिटरला १०० ग्रॅमच्या घरात असतो. २०,००० लिटरपैकी एक टक्का सांडलं तरी २० किलो. औषध कोणतं ते ठरवायच्या आधी हे आकडे हवेत.

जार टेस्टमध्ये डोळ्यावर विश्वास ठेवणार नाही. निवळ पाण्याचा सीओडी त्याच दिवशी. आणि नमुना एक नको. पनीरच्या वेळचा वेगळा, धुण्याच्या वेळचा वेगळा.

विक्रेत्याला तीन प्रश्न: हे जिवंत आहे की द्रव्य? द्रव्य असेल तर फोडतं की बांधतं? आणि पुढच्या टँकेत गेल्यावर त्याचं काय होतं? तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर डबा परत.

क्वालिटीच्या मॅडमना पहिल्याच बैठकीला बोलवेन. त्या आल्या तेव्हा व्हॅट रंगवून झाली होती. ईटीपीच्या चर्चेत दूध बघणारी माणसं नसतात आणि दुधाच्या चर्चेत ईटीपीची नसतात, ही या डेअरीचीच नाही तर मी पाहिलेल्या बहुतेकांची रीत आहे. आणि बंद ठेवून बघण्याची चाचणी ऑगस्टपर्यंत लांबवणार नाही. ती लांबली, कारण चालू असलेलं कोण बंद करणार.

पाटकरी सप्टेंबरात पुन्हा आला होता, दुसऱ्याच कामाला. आबांनी विचारलं, पाणी कसं आहे. "आते बरं शे," म्हणाला, आणि खत म्हणून गाळ मिळेल का ते विचारलं.

जो एक नमुना नापास झाला, त्याची तारीख मी नंतर वहीत शोधली. त्या दोन दिवसांत गोठेवाल्यांच्या घरी लग्न होतं, टँकर आला नव्हता, टाक्या भरल्यावर कोणीतरी व्हॉल्व्ह गटाराकडे फिरवला. आता त्या व्हॉल्व्हला कुलूप आहे आणि किल्ली मॅडमकडे. तिसरी टाकी घ्यायची आहे, आबा म्हणतात पुढच्या लग्नसराईआधी.